शेळ्यांच्या औषधपेटीत खरोखर काय ठेवायचं? (खानापूर, सांगली)

घाटमाथ्यावरचा

राम राम मंडळी. आमची वस्ती घाटमाथ्यावर, विट्यापासून आत. सध्या १२ उस्मानाबादी शेळ्या, १ बोकड आणि ९ करडं आहेत, शेळ्यांतल्या ४ गाभण. दिवसा काय अडचण नाही, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर फोन केला की येतात, नाहीतर मीच शेळी गाडीवर घालून नेतो. अडचण सगळी रात्रीची, आणि पावसाळ्यात वस्तीचा रस्ता असा होतो की चारचाकी वर येतच नाही. म्हणून घरात एक औषधांची पेटी करून ठेवायची आहे. एका मेडिकलवाल्याला विचारलं तर त्यानं भलीमोठी यादी काढून दिली, त्यात चार प्रकारची अँटिबायोटिक इंजेक्शनं, तापाचं इंजेक्शन, कॅल्शियमची बाटली, लिव्हर टॉनिक, आणखी काय काय, बिल साडेचार हजाराच्या वर. पैशाचं एक वेळ जाऊ द्या, पण मला इंजेक्शन देता येत नाही आणि कशाला काय द्यायचं तेपण नीट माहीत नाही. प्रश्न एवढाच की डॉक्टर येईपर्यंत शेळी तगवायला काय लागतं आणि त्या यादीतलं काय उगीच आहे? ज्यांच्याकडं बऱ्याच वर्षांपासून शेळ्या आहेत त्यांनी सांगा. नेटवर बघितलं तर सगळं परदेशातलं, ती औषधं आपल्याकडं मिळतपण नाहीत.

माणदेशी_शेळीपालन

भाऊ ती इंजेक्शनं आधी यादीतनं काढून टाका. आम्ही म्हसवडकडचे, वडिलांपासून शेळ्या आहेत, आमच्या पेटीत सगळ्यात वर जे असतं ते औषध नाहीच, थर्मामीटर आहे. माणसाचा साधा डिजिटल चालतो, फक्त त्याच्या मागच्या टोकाला दोरा बांधा आणि दोऱ्याला कपड्याचा चिमटा, म्हणजे गुदद्वारात लावला की चिमटा शेपटीच्या केसाला अडकवायचा, आत जायची किंवा खाली पडून फुटायची भीती नाही. टोकाला थोडं खोबरेल लावायचं. निरोगी शेळीचं अंग साधारण १०१.५ ते १०३.५ फॅरेनहाईट असतं, भर उन्हातनं आली असली तर १०४ पर्यंत पण दिसतं, त्यामुळं सावलीत थोडी थांबवून बघायचं. डॉक्टरला रात्री फोन लावून नुसतं "शेळी गप आहे" म्हटलं तर ते तरी काय सांगणार, पण "१०६ ताप आहे, दुपारपासून रवंथ नाही, लेंडी पातळ आहे" असं सांगितलं की त्यांना लगेच अंदाज येतो आणि निम्मं काम फोनवरच होतं. आणि अंग १०० च्या खाली गेलं असेल तर ते तापापेक्षा वाईट, तिथं सकाळची वाट बघत बसू नका.

दुसरं म्हणजे वजन. एकूणएक औषध वजनावर असतं आणि आपण सगळे अंदाजानं ओततो. ताणकाटा असला तर करडं पोत्यात घालून मोजता येतात, मोठ्या शेळीला टेलरचा टेप पुरतो. पुढच्या पायाच्या मागनं छातीचा घेर इंचात घ्यायचा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी इंचात घ्यायची, मग घेर गुणिले घेर गुणिले लांबी भागिले ६६०, येतं ते किलो. घेर २८ आणि लांबी २६ असली तर ३१ किलोच्या आसपास येतं. अगदी काट्यासारखं तंतोतंत नाही येत पण नुसत्या नजरेपेक्षा लई बरं.

तिसरं, पाजायचं साधन. २० आणि ६० मिलीची सुई काढलेली सिरिंज ठेवा, बाटलीनं पाजायला गेलं की घाईत जास्त ओतलं जातं. तोंड वर आभाळाकडं धरून पाजू नका, नाकाची रेघ जमिनीला समांतर राहील एवढंच उचला, सिरिंज ओठाच्या कोपऱ्यातनं जिभेच्या मागं, आणि थोडं थोडं, गिळलं की पुढचं. ठसका लागला तर लगेच डोकं खाली सोडा. आमच्या भागात पोटफुगीनं जेवढ्या शेळ्या गेलेल्या ऐकल्यात त्यातल्या कितीतरी पोटफुगीनं नाही गेल्या, पाजताना तेल फुप्फुसात गेलं त्यानं गेल्या.

आता पोटफुगी. लसूणघास, कोवळा हिरवा चारा, दव पडलेलं गवत सकाळी उपाशीपोटी भरपूर खाल्लं की डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) वर येते, टिचकी मारली तर डफासारखी वाजते, शेळी दात खाते, पाय झाडते, पोटाकडं वळून बघते. पेटीत गोडेतेलाची अर्धा लिटरची बाटली कायम ठेवा, मोठ्या शेळीला ५० ते १०० मिली, वर सांगितलं तसं हळूहळू. त्यानं फेस मोडतो. मग पुढचे पाय उंचवट्यावर घेऊन उभी करायची, डावी बाजू चोळायची, थोडी चालवायची. मेडिकलमध्ये सिमेथिकोनचं पोटफुगीचं औषध मिळतं ते एक आणून ठेवलं तर अजून चांगलं.

पण शेळी पोत्यात तोंड घालून ज्वारी, गहू, मक्याचा भरडा खाऊन बसली असेल, किंवा लग्नाच्या मांडवातला उरलेला भात-चपाती कुणी आणून टाकली असेल, तर ते वेगळं. तिथं पोटात आम्ल वाढतं, पोट हाताला गच्च लागतं नाहीतर पाण्यागत डुचमळतं, हगवण आंबूस वासाची लागते. तेलाचा तिथं उपयोग नाही, खायचा सोडा १५ ते २० ग्रॅम कोमट पाण्यात कालवून पाजायचा, धान्य बंद, फक्त वाळका कडबा पुढं टाकायचा आणि डॉक्टरला बोलवायचंच. ही शेळी संध्याकाळी बरी वाटते आणि पहाटे आडवी होते.

जतची_सुनीती

दादा चांगलं सांगितलंय. मी करडांचं सांगते कारण तुमच्या ४ गाभण आहेत आणि त्या रात्रीच व्यायच्या. आमच्या गटातल्या बायकांनी व्यायची पिशवी वेगळीच केलीय, मोठ्या पेटीत मिसळत नाही, कारण अंधारात शोधत बसायला वेळ नसतो. त्यात धुतलेली जुनी सुती फडकी, हातमोजे, नवं ब्लेड, उकळलेला दोरा, टिंक्चर आयोडीन, करडाची निपल बाटली आणि बॅटरी.

करडू पडलं की आधी नाकातोंडाचा चिकटा पुसायचा, शेळीला चाटू द्यायचं. नाळ बहुतेक आपोआप तुटते, लांब लोंबत असली तर पोटापासून दोन तीन बोटं सोडून दोरा बांधून कापायची आणि टिंक्चर आयोडीन छोट्या झाकणात घेऊन नाळ त्यात बुडवायची, नुसता बोळा फिरवून भागत नाही. इथनंच जंतू आत जातात आणि मग आठ पंधरा दिवसांनी गुडघे सुजून करडू लंगडायला लागतं, तेव्हा कुणाला नाळेची आठवणपण राहत नाही.

चीक पहिल्या तासाभरात पोटात गेलाच पाहिजे. जार पडल्याशिवाय पाजायचं नाही म्हणणारी म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांचं यात ऐकू नका. २ किलोच्या करडाला पहिल्या २४ तासात २०० मिली तरी, दोन तीन तासांनी थोडा थोडा. एखाद्या शेळीला जास्त चीक असला तर काढून छोट्या बाटल्यांत फ्रीजरला ठेवा, दुसरी शेळी आटलेली निघाली किंवा मेली तर तोच कामाला येतो. तो उकळायचा नाही, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करायचा, उकळला की फाटतो आणि त्यातला गुणच जातो. आणि करडू गार पडलं असलं, तोंडात बोट घातलं तर आत पण गार लागलं, तर लगेच दूध ओतू नका, त्याला गिळताच येत नाही. आधी फडक्यात गुंडाळून उबेला धरायचं, अंग गरम झालं, चोखायला लागलं की मग दूध.

पाणमोट फुटून अर्धा तास ते तासभर शेळी जोर काढतीय आणि काहीच पुढं दिसत नाही, तर फोन करा. नुसतं शेपूट दिसतंय किंवा डोकं आहे आणि पाय नाहीत तरी फोन करा. जार अडकला तर ओढायचा नाही, दगड बांधायचा नाही, १२ तासांपर्यंत पडला नाही तर डॉक्टर.

अजून एक. पावसाळ्यात करडांच्या ओठावर खपल्या येतात, मावा म्हणतो आपण, त्याला पोटॅशियम परमॅंगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानं धुऊन बोरोग्लिसरीन लावतो आम्ही. हातात मोजे घालून करा, मावा माणसाच्या हाताला पण होतो, माझ्या जावेच्या बोटाला झालेला, लई दुखतो.

पशुवैद्य_निवृत्त_सातारा

शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातनं शिकून बाहेर पडलो, नंतर नोकरी सगळी माण खटाव भागात झाली. वरच्या दोघांनी लिहिलेलं बरोबर आहे, मी फक्त भर घालतो.

सुनीतीताई, पहिल्यांदा तुमच्या शेवटच्या ओळीला धरून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. पोटॅशियम परमॅंगनेटचे खडे आणि ग्लिसरीन एकमेकांत मिसळले तर थोड्या वेळात आपोआप पेट घेतात. एकाच पेटीत पुडी फुटली आणि बोरोग्लिसरीनची बाटली गळली तर गोठ्यात कडब्याशेजारी आग लागू शकते. परमॅंगनेट कायम काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत आणि वेगळ्या कप्प्यात ठेवा. जखम धुवायला १ लिटर पाण्यात १ ग्रॅम, तोंड धुवायला त्याच्या दहापट पातळ. गडद जांभळं झालं म्हणजे जास्त गुण असं नाही, त्यानं कातडी भाजते.

घाटमाथ्यावरचे, तुमच्या यादीतल्या इंजेक्शनांबद्दल. अँटिबायोटिक घरात ठेवू नका. एक तर कुठल्या रोगाला कुठलं ते कळत नाही, दुसरं एक डोस देऊन बरं वाटलं की लोक थांबतात आणि पुढच्या खेपेला तेच औषध लागू पडत नाही, शिवाय दूध आणि मटण किती दिवस वापरायचं नाही हेही कुणी पाळत नाही. कॅल्शियमची बाटली तर मुळीच नको, शिरेतनं भरभर गेलं तर हृदय बंद पडून शेळी जागेवर जाते. तापाच्या इंजेक्शनात डायक्लोफिनॅक कुणी देत असेल तर घेऊ नका, जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे कारण ते औषध दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक पण जनावरांसाठी बंद केलं. मेलॉक्सिकॅम चालतं, पण तेही आम्हाला विचारून. लिव्हर टॉनिक हे प्रथमोपचारात येतच नाही, ते पैसे ताणकाट्याला घाला.

जखमेचं सामान मात्र भरपूर ठेवा, कारण रोज लागणारं तेच आहे. पोव्हिडोन आयोडीन, कापूस, गॉज, रुंद पट्टी, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, आणि हिमॅक्ससारखं माश्या बसू न देणारं मलम किंवा टॉपिक्युअरसारखा स्प्रे. तारेनं फाटलं, कुत्र्यानं धरलं, शिंग मोडलं, काही असो, आधी भरपूर स्वच्छ पाण्यानं धुणं हे निम्म्याहून जास्त औषध आहे. रक्त थांबत नसेल तर गॉजची जाड घडी ठेवून पाच दहा मिनिटं न उचलता दाबून धरा, सारखं उघडून बघू नका. हळद घालतात ती छोट्या खरचटण्याला ठीक आहे, खोल जखमेत हळदीचा लगदा कोंबू नका, आम्हाला तो आधी खरवडून काढायला लागतो. कुत्रं चावलं असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, हातात मोजे घाला आणि त्याच दिवशी दवाखाना, रेबीजची लस शेळीलापण द्यावी लागते.

पावसाळ्यात जखमेत आळ्या पडतात. टर्पेंटाईन तेलात गॉज भिजवून जखमेच्या भोकात थोडा वेळ ठेवा, आळ्या गुदमरून वर येतात, मग चिमट्यानं एकूणएक काढा, धुवा आणि मलम लावा. एक आळी आत राहिली तरी दोन दिवसात परत तेच. टर्पेंटाईन रोज रोज ओतू नका, नवं मांस जळतं.

जंताच्या औषधाचं बोलायचं तर दर महिन्याला सगळ्या कळपाला पाजायची पद्धत पडलीय ती सोडा, त्यानं जंतच औषधाला दाद देईनासे होतात. शेळीच्या डोळ्याची खालची पापणी उघडून बघायला शिका. लालसर गुलाबी असेल तर बरं, पांढरट पडली असेल तर पोटात रक्त पिणारा जंत आहे, जबड्याखाली मऊ सूज असेल तर अजून पक्कं. अशांना आधी द्या. अल्बेंडाझोल शेळीला १० मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे अडीच टक्क्याचं औषध असेल तर ३० किलोच्या शेळीला १२ मिली, बाटलीवरचा टक्का वाचूनच हिशोब करा कारण वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात. गाभण राहिल्यावर पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल नको, पोटातल्या पिल्लात व्यंग येऊ शकतं, फेनबेंडाझोल त्या मानानं सुरक्षित. आणि शक्य असेल तर लेंड्या तपासून घ्या, डबीभर ताज्या लेंड्या दवाखान्यात नेल्या की झालं.

हगवणीला ओआरएसची पाकिटं ठेवा, माणसांचीच चालतात, एक पाकीट १ लिटर पाण्यात, करडांना तासातासानं थोडं थोडं. नेब्लॉनसारखी हगवणीची पावडर ठेवली तरी चालेल. पण हगवणीत रक्त दिसलं किंवा करडू मान टाकायला लागलं तर पावडरीवर वेळ घालवू नका.

आणि पेटीत न मावणारं औषध म्हणजे लस. आंत्रविषार (आतड्यात विष तयार होणारा रोग) ज्या कळपाला येतो तिथं संध्याकाळी चरून आलेली चांगली तगडी करडं सकाळी मेलेली सापडतात, पेटी उघडायलासुद्धा वेळ मिळत नाही. मे महिन्यात, पावसाच्या आधी ती लस, पहिल्यांदाच देत असाल तर दोन आठवड्यांनी दुसरा डोस. घटसर्पाची पण पावसाआधीच. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस ३ महिन्यांच्या पुढच्या करडांना, एकदा दिली की ३ वर्षं. सरकारी दवाखान्यात विचारून आख्ख्या वस्तीच्या शेळ्या एकाच दिवशी घ्या, एकट्या तुमच्या कळपाला देऊन शेजारचा राहिला तर अर्धवट काम. बाजारातनं आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधा.

घाटमाथ्यावरचा

डॉक्टरसाहेब, दादा, ताई, तिघांचे मनापासून आभार. ताणकाटा आणि थर्मामीटर उद्याच आणतो, आणि ती परमॅंगनेटची बाटली वेगळी ठेवणार. दोन शंका आहेत. आमच्यात पोट फुगलं की डाव्या बाजूला जाड सुई टोचून हवा काढणारे लोक आहेत, ती सुई पेटीत ठेवू का? दुसरं, माझे पाहुणे तासगावला आहेत, द्राक्षाची छाटणी झाली की वेलीचा पाला ट्रॉली भरून फुकट देतो म्हणतात, शेळ्या आवडीनं खातात पण तो पाला घालावा का नको?

पलूसचा_बागायतदार

मी बागवाला आहे म्हणून पाल्याचं सांगतो. नुसता पाला चांगलाच आहे पण छाटणीच्या आधी बागेत काय काय मारलंय ते विचारल्याशिवाय एक काडी घेऊ नका. आमच्याकडं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) असतो, कीटकनाशकं असतात, काही औषधांचा अंश बरेच दिवस राहतो. मी स्वतः पाला देताना शेवटची फवारणी कधी आणि कशाची ते वहीत बघून सांगतो, तुमच्या पाहुण्यांना तसंच विचारा, त्यांना राग यायचं कारण नाही. मोकळे डबे आणि फवारणीच्या टाकीतलं उरलेलं पाणी पण बांधाला टाकलेलं असतं, शेळी तिथं तोंड लावते ते वेगळंच.

पशुवैद्य_निवृत्त_सातारा

सुई ठेवू नका. फेसाळ पोटफुगीत साध्या सुईतनं हवा येतच नाही, फेस सुईत अडकतो, आणि टोचलेल्या भोकातनं पोटातलं पाणी आत सांडून दोन दिवसांनी पोटाला पू होतो. शेळी आडवी पडली, जीभ बाहेर आली अशा वेळेला टोचायचा निर्णय डॉक्टरनं फोनवर दिला तर गोष्ट वेगळी, आणि त्यासाठी ट्रोकार नावाचं नळीचं हत्यार असतं, ते कुठं आणि कसं घालायचं हे आधी डॉक्टरकडनं बघून घ्यावं लागतं. तेल लवकर दिलं तर ही वेळ बहुतेक येत नाही.

पाल्याचं बागायतदारांनी बरोबर सांगितलं. फवारलेलं खाल्ल्याची लक्षणं ओळखून ठेवा: तोंडातनं लाळ गळते, अंग थरथरतं, डोळ्यातली बाहुली बारीक होते, पातळ हगवण, श्वास घरघरतो. अशा वेळी लोक तूप, दूध, तेल पाजतात, ते करू नका, काही कीटकनाशकं तेलात विरघळून अजून भराभर अंगात भिनतात. पेटीत ॲक्टिव्हेटेड चारकोलची पावडर ठेवा, शेळी शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तरच किलोला १ ग्रॅम या हिशोबानं पाण्यात कालवून पाजा. अंगावर औषध सांडलं असेल तर मोजे घालून साबणानं धुवा. ॲट्रोपीन हे त्यावरचं औषध आहे, पण ते आमच्याच हातात राहू द्या, किती द्यायचं ते बाहुली आणि नाडी बघून ठरतं.

कोवळ्या ज्वारीचं पण लक्षात असू द्या, पाऊस लांबून सुकलेले ज्वारीचे फुटवे शेळीनं खाल्ले तर सायनाइडची विषबाधा होते, तिथं मिनिटांचा खेळ असतो, घरात काही करत बसू नका, सरळ डॉक्टर.

फोन नंबर पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात चिकटवा. तुमच्या दवाखान्याचा, शेजारच्या गावच्या दवाखान्याचा, आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री १९६२. पथक तुमच्या भागात किती ते किती वाजेपर्यंत येतं ते आत्ताच फोन करून विचारून घ्या. आणि विषबाधेचा संशय असेल तर फोन करायच्या आधी बागेतला तो औषधाचा डबा नाहीतर त्याच्या लेबलचा फोटो हातात ठेवा, औषधाचं नाव कळलं की आम्ही निघतानाच त्यावरचं सामान घेऊन निघतो.